त्रैमासिक बंद, पण दुःख आणायचं कुठून?

...नाही, पण मी म्हणतो, माणसाला आतून एवढं हलकं वाटत असेल, डोक्यावरचं ओझं उतरून मान अशी सुटी सुटी झाली असेल, तर त्यानं तोंड पाडून बसायचं कसं? तुम्हीच सांगा! सकाळपासून माणसं येतायत, येतायत, जिना भरला, बाहेरची खोली भरली, आणि आत येणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणतोय, "फार वाईट झालं हो!" अहो, काय वाईट झालं? कुणी गेलं नाही, घर जळलं नाही, माझ्या बहिणीनं त्रैमासिक बंद केलं! साहित्याचं त्रैमासिक! आणि ती स्वतः आतल्या खोलीत बसून चहात बिस्किट बुडवून खातेय, पाय हलवत, आणि मला हळूच विचारते, "अरे, मला फारच छान वाटतंय रे, हे बरं दिसेल का?" म्हटलं, मुळीच दिसणार नाही, बाहेर येताना जरा चेहरा पाड. तर म्हणते, "पाडते की. पण दुःख आणायचं कुठून?"

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस बहिणीच्या उत्पन्नावर... उत्पन्न! हॅ!

तुम्हाला सांगतो, मी दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. दवाखान्याच्या तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत पेशंट बसतात, मधल्या खोलीत मी त्यांना आ करायला लावतो, आणि आतली खोली मी स्वतःसाठी ठेवली होती, दुपारी जरा पाठ टेकायला. त्या खोलीत मी आजवर एकदाही पाठ टेकलेली नाही. का? कारण ताई म्हणाली, "दोन अंक तुझ्याकडून काढते, मग बघू." ताई म्हणजे माझी थोरली बहीण. विमा कचेरीत नोकरीला होती, कचेरी सुटली की तडक आतल्या खोलीत. त्या दोन अंकांच्या वेळी माझं लग्न व्हायचं होतं. आता माझ्या मुलीचं झालंय. 'मग बघू' अजून चालूच!

त्रैमासिक म्हणजे दर तीन महिन्यांनी निघणार असा आपला समज. ते निघायचं कधी पाचव्या महिन्यात, कधी दोन अंक एकत्र, आणि त्याला म्हणायचं जोडअंक, म्हणजे उशीरसुद्धा मुद्दाम केल्यासारखा वाटतो. आणि न खपलेल्या अंकांचे गठ्ठे! खोलीत गठ्ठे, जिन्याखाली गठ्ठे, माझ्या औषधांच्या कपाटात भूल द्यायच्या बाटल्यांमागे गठ्ठे. लहान मुलं माझ्या खुर्चीत बसली की त्यांचं डोकं वरपर्यंत पोचत नाही, म्हणून मी खाली एक गठ्ठा सरकवायचो. साहित्यानं माणसाची उंची वाढते म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी बघायचो!

आणि वाचक कोण? माझे पेशंट! बाहेर बसल्या बसल्या दुसरं करणार काय? एकानं, दाढ एवढी सुजलेली, सबंध कवितांचा विशेषांक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. ताईला कोण आनंद! मला म्हणाली, विचार, विचार त्यांना, कसा वाटला. मी विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर, त्यापेक्षा दाढ बरी."

मी हे ताईला सांगितलं नाही. म्हटलं, भारावून गेलाय, बोलता येत नाहीये.

बरं, हे सगळं ताई एकटी करत नव्हती. तिच्या जोडीला टाचणी. टाचणी ही ताईची कॉलेजातली मैत्रीण, तेव्हा इतकी बारीक होती की नाव पडलं टाचणी. आता ती बारीक नाही, पण नाव काय वजनाबरोबर बदलत नाही. ताई लेख निवडणार, प्रुफं तपासणार. टाचणी मुखपृष्ठ काढणार, पानं लावणार. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, दर शनिवारी दोन बस बदलून, खांद्याला ही एवढी पिशवी लावून हजर. आणि आत बसून दोघी बोलायच्या काय? "मुखपृष्ठ झालं का?" "झालं. अनुक्रमणिका आली का?" "आली. कागद कसला घ्यायचा?" "मागच्यासारखा." बास. संपलं. सबंध शनिवार! मी मध्ये दार ढकलून विचारायचो, चहा घेणार का, तर दोघी अशा बघायच्या जशी काही मी शस्त्रक्रियेत शिट्टी मारली.

आता बंद करायचं कसं सुरू झालं ते सांगतो. हसू नका, हे हसण्यासारखं नाही. म्हणजे आहे, पण थोडं थांबून.

आमची एक मावशी आहे, परगावी असते, ताईवर तिचा भारी जीव. एके दुपारी तिचा ताईला फोनवर मजकूर आला. मी एका पेशंटचा दात कोरत होतो, ताई समोरच बसलेली. तिनं चष्मा चढवला, वाचलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "'मोडला'च्या पुढे पूर्णविराम हवा. आणि 'दवाखान्यात'ला काना राहिलाय." मी म्हटलं, कुणी पाठवलंय? म्हणाली, "मावशीनं." काय म्हणतेय? आणि मग ताईनं ते परत वाचलं. मावशी न्हाणीघरात पडली होती, पाय मोडला होता, दवाखान्यातून तिनं एका हातानं कसंबसं लिहिलं होतं.

ताईचा चेहरा असा उतरला ना... फोन केला, चौकशी झाली, मावशी खणखणीत होती, उलट तिनंच ताईला धीर दिला. पण फोन ठेवल्यावर ताईनं चष्मा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी पहिल्यांदा काना बघितला रे. माणूस नंतर बघितला." ती म्हणाली, "हल्ली पुस्तक उघडलं की हात पेन्सिल शोधतो. मला गोष्ट दिसतच नाही, चुका दिसतात. शेवटचं कधी काही आवडून वाचलं, आठवत नाही." आणि मग, अगदी शांतपणे, "मी बंद करते."

तुम्हाला सांगतो, माझ्या हातात यंत्र होतं, ते मी आधी खाली ठेवलं. नाहीतर खुर्चीतल्या माणसाचा भलताच दात गेला असता! मनात असं झालं की नाचावं. पण मी गंभीर चेहरा केला आणि म्हटलं, "घाई करू नकोस, नीट विचार कर." आणि त्याच वेळी जिन्यातून धाडकन आवाज! आमची ही ताईचा चहा घेऊन खाली येत होती, तिनं ऐकलं आणि ट्रेच सोडला. वर म्हणते काय, "वन्सं, धक्काच बसला हो मला!" धक्का! तिचे डोळे मी बघितले ना, दिवाळखोर माणसाला लॉटरी लागल्यासारखे झाले होते!

पण ताई लगेच म्हणाली, "टाचणीला कसं सांगू?"

हा खरा प्रश्न. कारण पहिल्या अंकाच्या दिवशी टाचणीच म्हणाली होती, म्हाताऱ्या झालो तरी काढत राहू. ताईच्या मते टाचणीचा सगळा जीव त्या अंकात. नवरा कामानिमित्त बारा महिने फिरतीवर, मुलगा दूर, तिला दुसरं आहे काय? "ती मोडून पडेल रे," ताई म्हणे. आणि मग जरा वेळानं, अगदी बारीक आवाजात, "आणि अंक नसला तर ती माझ्याकडे येईल कशाला?"

ठरलं असं की शनिवारी टाचणी येईल तेव्हा समोरासमोर सांगायचं. आणि त्याची तालीम माझ्यावर! मला माझ्याच खुर्चीत बसवलं, म्हणाली, तू टाचणी हो. मी झालो. ताई समोर उभी राहून म्हणाली, "अगं, काळ बदलतो..." मी म्हटलं, हे मरणाची बातमी दिल्यासारखं वाटतंय. पुन्हा. "अगं, प्रत्येक गोष्टीला शेवट असतो..." हे तर त्याहून वाईट! पुन्हा. "अगं, मी कंटाळले." हे बरं होतं, पण ते म्हणताना ताई इतकी खूश दिसली की मी म्हटलं, ताई, थोडं तरी दुःख! ती वैतागून म्हणाली, "अरे, पण आणू कुठून?"

आणि त्या खोलीत आणखी एक माणूस होता, हे आम्ही दोघंही विसरलो!

कवळीवाले कवी. ताईच्या प्रत्येक अंकात यांची एक कविता, त्या नात्यानं यांची कवळी माझ्याकडून फुकट. त्या दिवशी नवी कवळी करायची म्हणून मी त्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरला होता, तो घट्ट होईपर्यंत त्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं, आणि तेवढ्यात ताई तालमीला आली. म्हणजे बघा, गृहस्थ सगळं ऐकतायत आणि बोलता येत नाहीये! "ऊं! ऊंऊं!" असा आवाज आला म्हणून मी वळून बघतो तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं लगदा घशात गेला. माप बाहेर काढलं, तर तोंडातून पहिला शब्द, "शंपलं! एक पर्व शंपलं!" आणि तोंडही न पुसता निघाले तरातरा रस्त्यानं, हनुवटीला तो गुलाबी लगदा तसाच.

संध्याकाळपर्यंत गावभर.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ही रीघ. बाहेरच्या खोलीत पेशंट कोणते आणि हळहळायला आलेले कोणते, मला ओळखू येईना, चेहरे दोघांचेही सारखेच! मी एका कथालेखकाला आ करायला लावलं. त्यानं केलाही. भोक होतं, बुजवून टाकलं.

आणि बोलणं काय! एक म्हणतो, "आता आमच्यासारख्यांनी लिहायचं कुठं?" दुसरा म्हणतो, "हा शेवटचा दिवा होता." ताई बिचारी बिस्किट संपवून, तोंड पुसून, चेहरा पाडून बाहेर आली आणि सहज विचारलं, "मागचा अंक कसा वाटला?"

शांतता! अशी शांतता की माझ्या बेसिनचा नळ ठिबकताना ऐकू आला. मग एक जण म्हणाला, "चाळलाय. निवांत वाचायचा म्हणून बाजूला ठेवलाय." दुसरा म्हणाला, "मीही बाजूला ठेवलाय." सगळ्यांनी बाजूला ठेवला होता! अहो, मग मध्ये काय ठेवलं होतं?

तेवढ्यात कवळीवाले, म्हणजे त्या दिवशी कवळीशिवायचे, उभे राहिले. "हे आपण होऊ देणार नाही! बचाव शमिती श्थापन करू!" झालं! तिथंच, माझ्या खुर्च्यांवर, समिती! अध्यक्ष झाला, उपाध्यक्ष झाला, दोन चिटणीस झाले, सल्लागार तर एवढे झाले की माझ्या एका खऱ्या पेशंटलाही घेतलं, बिचारा सूज दाबून हो हो म्हणत होता. मी विचारलं, "आणि अंकाचं काम कोण करणार?" तर सगळी समिती एका वेळी मान वळवून बघते कुणाकडे? ताईकडे!

मला वाटलं आता ताई विरघळली. कारण तिचा स्वभाव असा, की चार माणसांनी 'तुमच्याशिवाय कोण' म्हटलं की ती पदर खोचून उभी. ती तोंड उघडणार, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या त्या मैत्रिणीला मी आत्ताच फोन लावतो, त्यांचं सांत्वन करायला हवं."

ताई ताडकन उठली. "थांबा! लावू नका!" आणि माझ्याकडे वळून, "चल!"

चल म्हणजे? माझा दवाखाना? पण तिचा चेहरा बघून मी निमूट स्कूटर काढली. दवाखान्यात समिती, समितीत माझा पेशंट, आणि आम्ही दोघं भर उन्हात गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत ताई माझ्या पाठीमागून सारखी पुटपुटतेय, "अगं, मी कंटाळले... अगं, मीच कंटाळले, तुझा दोष नाही..."

टाचणीनं दार उघडलं. बसा म्हणाली. चहा ठेवला. तिचा फोन टेबलावर सारखा थरथरतोय, ती तिकडे बघत नाही. ताई म्हणते, "मुखपृष्ठ झालं का?" बघा! एवढं पाठ करून आलेली बाई, आणि तोंडातून निघालं काय! टाचणी म्हणाली, "नाही."

मग ताई म्हणाली, "अगं, मला तुला काही..."

"कळलंय मला," टाचणी म्हणाली. "सकाळीच." आणि उठून आत गेली.

आम्हाला वाटलं रडायला गेली. ताई पांढरीफटक. मला म्हणते, "मी काय करून बसले रे? सांग तिला, मी नाही बंद करत, सांग, चालू ठेवते!" आणि खरंच उठली, सांगायला! मी हात धरला तिचा. तेवढ्यात आतून खडखड, धप, काही तरी ओढल्याचा आवाज, आणि टाचणी बाहेर आली ती रंगांच्या बाटल्या, पट्ट्या, कात्र्या, कापलेले कागद सगळं कवटाळून, आणि धाडकन जमिनीवर टाकून म्हणाली, "किती वर्षं वाट बघतेय, मेले, तू कधी एकदा म्हणतेस म्हणून!"

ताईनं माझा हात झटकला.

"मला वाटलं, तुझा जीव आहे त्यात," टाचणी म्हणाली. "मी सोडते म्हटलं तर तू मोडून पडशील. म्हणून ओढत होते."

"माझा जीव? मी तर तुझा जीव आहे म्हणून ओढत होते!"

"माझा? मला तर मुखपृष्ठ म्हटलं की पोटात गोळा येतो!"

"मग जीव होता कुणाचा?"

आणि दोघी वळून माझ्याकडे बघायला लागल्या! मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका, माझा तर मुळीच नव्हता!

तुम्हाला सांगतो, त्या दोघी ज्या हसत सुटल्या ना... भिंतीला धरून, एकमेकींना धरून, टाचणी खाली कागदांतच बसली. मीही हसलो, हसता हसता चहा नाकात गेला. आणि मग हसू ओसरलं. ताई खाली बघत म्हणाली, "मग आता शनिवारी येणार नाहीस."

"कशाला येऊ? काम कुठाय?"

ताईनं खाली पडलेली एक पट्टी उचलून टेबलावर ठेवली. मला बघवेना, मी खिडकीकडे वळलो. तर मागून टाचणीचा आवाज आला, जरा घोगरा, "कामाशिवाय ये, असं तू कधी म्हणालीच नाहीस मला."

"ये ना मग!" ताई म्हणाली. "कामाशिवाय ये!"

"येईन. पण दोन बस नको गं आता, गुडघ्याला सोसत नाही."

"गुडघा? कधीपासून?"

"झाली वर्षं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलणार होते. दर शनिवारी बोलणार होते. तू दारातच विचारायचीस, मुखपृष्ठ झालं का."

ताई तिच्याशेजारी खाली बसली, त्या कात्र्यांमध्ये, आणि म्हणाली, "दाखव." टाचणीनं साडी जरा वर करून सुजलेला गुडघा दाखवला. ताई कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसली. मला म्हणाली, "डॉक्टर आहेस ना, बघ." मी म्हटलं, ताई, दात असते तर बघितले असते! तर दोघी पुन्हा सुटल्या.

शेवटचा अंक निघाला. पातळसा. समितीनं निरोप समारंभ केला, भाषणं झाली, कवळीवाले नवी कवळी लावून आले आणि दोनदा रडले. ताईला बोलायला उभं केलं. मी पहिल्या रांगेतून खुणा करतोय, चेहरा, चेहरा! तिनं सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "खरं सांगू का? मी शोधून बघितलं, दुःख काही सापडत नाही. मला फार बरं वाटतंय." अख्खं सभागृह हळहळलं! शेजारचा डोळे पुसत मला म्हणाला, "काय धीर आहे हो बाईंचा! एवढं आत दाबून ठेवायचं म्हणजे..." म्हटलं, हो हो, दाबलंय खरं.

आता माझं ऐका. मला वाटलं होतं, चला, संपलं, दवाखान्यात शांतता. शांतता? मीच स्कूटरवरून टाचणीला आणतो, शनिवारी, आणि आता बुधवारीपण, कारण गुडघा! आणि काम नाही म्हटल्यावर बोलणं किती साचलेलं असतं, तुम्हाला कल्पना आहे? आत दोघी. विषय काय, शेजारणीची सून, पायातल्या चपला, कॉलेजातला कुणीतरी टकल्या, आणि हसणं! इतकं हसणं की भिंत हलते. परवा एक गृहस्थ खुर्चीत, जबडा उघडा, मी आरसा घालून बघतोय, आणि आतून खिदळल्याचा असा लोट आला की ते दचकले. तोंड मिटून, लाल होऊन मला विचारतात, "डॉक्टर, माझ्या दातांना हसतायत का त्या?"

आता काय सांगणार? म्हटलं, "नाही हो, आत एक त्रैमासिक बंद पडलंय. आ करा."